शंकरपटाचा न्याय

आमच्या घरापुढच्या छपरीत ऑलिंपिकवर जेवढी भांडणं झाली, तेवढी खुद्द ऑलिंपिकच्या गावात झाली नसतील. आमचं गाव तुमसरपासून सायकलनं जाण्याइतकं जवळ, तलावाखालचं, सगळी धानाची शेती. रेडिओ गावात बरेच होते, पण छपरी आमचीच मोठी होती आणि बाबांचा आवाजही. म्हणून हॉकीत हरलो की लोक आमच्याकडे येत, एशियाडात कुणी जिंकलं तरी आमच्याकडेच येत, आणि दोन्ही वेळा चहा आईलाच करावा लागे. पंचांना शिव्या देणं हा त्या बैठकीचा मुख्य कार्यक्रम. हरलो तर पंचांनी हरवलं, आणि जिंकलो तर पंच असूनसुद्धा जिंकलो. मी हे ऐकतच मोठी झाले, आणि खरं सांगायचं तर मलाही ते सगळं पटायचं.

या विषयावर बोलायचा पहिला हक्क बाबांचा, कारण बाबा शंकरपटातले. धान कापून झालं की थंडीत आमच्या भागात गावोगाव बैलांच्या शर्यती भरतात, त्याला आम्ही पट म्हणतो. शेजारी शेजारी दोन वाटा, दोन जोड्या, दोन हलके छकडे आणि शेवटी झेंडी. बाबांची जोडी एके काळी नावाजलेली होती. ती म्हातारी झाल्यावर बाबा झेंडीपाशी पंच म्हणून उभे राहू लागले. पटाचा एक रिवाज त्यांना प्राणाहून प्रिय होता. दोन जोड्या बरोबरीनं आल्या आणि पंचांचं एकमत होईना, तर बैलांना दम खाऊ द्यायचा आणि पुन्हा पळवायचं. त्यावर भांडायचं नाही. म्हणजे भांडायचं, पण पुन्हा पळवायचंच.

चौऱ्याऐंशी सालच्या पावसाळ्यात ऑलिंपिक अमेरिकेत होतं. रोवण्याचे, म्हणजे धानाच्या लावणीचे दिवस. सकाळच्या बातम्यांत रेडिओनं सांगितलं की अडथळ्यांच्या शर्यतीत आपली मुलगी चौथी आली, आणि तिसरीच्या मागे ती फक्त सेकंदाच्या शंभराव्या भागानं राहिली. छपरीत आधी कुणाला काही समजलंच नाही. मग कुणीतरी विचारलं, शंभरावा भाग म्हणजे केवढा? माझे काका, बाबांचे धाकटे भाऊ, तुमसरला राईस मिलमध्ये कामाला होते आणि घरातले शिकलेले म्हणून त्यांची गणना होती. ते म्हणाले, पापणी लवायच्या आत संपतो तेवढा. घड्याळाला असा काटाच नसतो, असं एकजण म्हणाला. दुसऱ्याचं म्हणणं, बैलाच्या नाकावर माशी बसली तरी यापेक्षा जास्त फरक पडतो.

बाबांनी मात्र निकाल देऊन टाकला. “हे तं बरोबरी झाली. उद्या पुन्हा पळवतीन.”

सगळ्यांना ते पटलं. इतकं पटलं की दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मं गाव आमच्या छपरीत बसलं होतं, पुन्हा पळवलेल्या शर्यतीचा निकाल ऐकायला. तिकडे शेतात, बांदीत चिखलणी होऊन पाणी साचलेलं, पऱ्ह्याच्या म्हणजे रोपांच्या पेंढ्या बांधावर, धुऱ्यावर टाकलेल्या, आणि रोवणाऱ्या बाया कुणी सांगायला येतो का म्हणून धुऱ्यावर बसून राहिलेल्या. आई दोनदा येऊन सांगून गेली की बाया थांबल्या आहेत. बाबा म्हणाले, थांब. बातम्या झाल्या. शर्यत पुन्हा झाल्याचं त्यात काही नव्हतं. बाबांनी रेडिओ बंद केला आणि असे काही संतापले की मी त्यांना तसं फक्त एकदा, त्यांच्या जोडीला पटात उशिरा झेंडी दिली तेव्हा पाहिलं होतं. पोरीवर अन्याय झाला, ते म्हणाले. आपल्या पोरीवर. हा शब्द तेव्हापासून छपरीत रुळला. त्या मुलीचं गाव कुठलं, भाषा कोणती, ती जेवते काय, यातलं आम्हाला काही ठाऊक नव्हतं, पण ती आमची पोरगी झाली.

दोन दिवसांनी काकांनी नागपूरचा पेपर आणला. त्यात तिचा फोटो होता. बनियनसारखा सदरा, अर्धी चड्डी, पाय सगळे उघडे, केस मागे उडालेले. त्यावर मग मोठा वाद झाला. पेपरात लिहिलं होतं की रेघेवर पाय नव्हे, छाती मोजतात. काही जणांना हे मान्यच नव्हतं. जू मोजायचं की बैलाचं नाक, हे भांडण आमच्या भागात जुनंच आहे, तेच आता पाय आणि छातीवर आलं. काकांनी छपरीत पळून दाखवलं, छाती कशी पुढे टाकायची ते करून दाखवलं, आणि खांबाला धडकले. हातात तो फोटो घेऊन ही मोठमोठी माणसं पोरीच्या छातीबद्दल आणि पायांबद्दल तासभर बोलत होती, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. वाटावं असं काही नव्हतंच. ती पळत होती आणि ते पळण्याबद्दल बोलत होते. बाबांनी फोटो कापला आणि भाताच्या पेजेनं भिंतीवर चिकटवला, त्यांच्या जोडीच्या फोटोशेजारी. यापेक्षा मोठा मान आमच्या घरात नव्हता.

हे सगळं मी सांगते आहे कारण त्या वेळी मीसुद्धा पळत होते.

मी तुमसरच्या शाळेत दहावीला होते. रोज सकाळी तलावाच्या पाळीवरून फाट्यापर्यंत पळत जायचं, नाहीतर एस.टी. चुकायची. पाळ लांब होती आणि मला उशीर रोजच व्हायचा. शाळेत पी.टी.च्या मास्तरांनी मला पळताना पाहिलं, घड्याळ लावलं, आणि म्हणाले, तू चारशे मीटर पळ. मी शाळेत पहिली आले. मग मास्तर मला शाळा सुटल्यावर मैदानावर थांबवू लागले. तालुक्याच्या स्पर्धा तुमसरलाच होत्या. त्यात पहिली येणारी मुलगी जिल्ह्याला भंडाऱ्याला जाणार, आणि तिथून पुढे नागपूर. मी नागपूर पाहिलेलं नव्हतं. मला जायचं होतं. आयुष्यात इतकं दुसरं काही मला हवं होतं असं आठवत नाही.

बाबांची परवानगी मागायला मास्तर स्वतः घरी आले. छपरीत बैठक भरलेलीच होती. मास्तरांना बसायला दिलं, चहा दिला, भिंतीवरचा फोटो दाखवला. मास्तरांना वाटलं, हे घर म्हणजे अगदी योग्य जागा. त्यांनी सांगितलं की तुमच्या मुलीत गुण आहे. बाबा खूश झाले. मुलींसाठी शाळेची अर्धी चड्डी आणि बनियन मिळेल, असं मास्तर म्हणाले, आणि बाबांचा चेहरा बदलला.

“चड्डीत नाई पळनार माही पोट्टी,” बाबा म्हणाले. “लोकं पाहातीन.”

मास्तरांनी भिंतीकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मी दारात उभी होते आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

“बाबा, थे आपली पोरगी हाये म्हनता. मंग मी कोनाची?”

बाबांनी माझ्यावर ओरडायला हवं होतं. ते ओरडले नाहीत. ते अगदी शांतपणे म्हणाले, “थे दूर हाये. तू इथं हायेस.”

अजूनही ते उत्तर आठवलं की माझ्या अंगाची लाही लाही होते. कारण ते खरं होतं. त्यांनी काही लपवलं नाही, सरळ सांगून टाकलं. दूरच्या पोरीवर जीव टाकायला काही लागत नाही. तिचं लग्न तुम्हाला करायचं नसतं.

आणि लोक पाहतील म्हणे. त्याच आठवड्यात मी शाळेला दांडी मारून आईबरोबर रोवण्याला गेले होते. आमच्याकडच्या बाया लुगडं मांड्यांपर्यंत खोचून, गुडघाभर चिखलात, दिवसभर वाकून रोवतात. धुऱ्यावर पुरुष उभे असतात. तेच पुरुष, जे छपरीत बसतात. आई त्यात होती, मी त्यात होते, परकर वर खोचलेली. कुणाची अब्रू गेली नाही. धान रोवायचं असलं की पाय उघडे चालतात. पळायचं असलं की चालत नाहीत.

शेवटी काकांनी तोड काढली. तालुक्याची स्पर्धा जवळच आहे, पोरगी सलवार-कमीज घालून पळेल, आणि बाबा स्वतः सोबत येतील. मास्तर नाखुशीनं हो म्हणाले. मी आनंदानं हो म्हणाले. मला वाटलं, पहिली आले की पुढचं पुढे पाहू.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी आभाळ भरलेलं होतं, पण पाऊस नव्हता. मैदानावर चुन्यानं रेघा आखल्या होत्या. शेवटच्या रेघेवर दोन शिक्षक सुतळी धरून उभे होते. बाबा एकटे आले नाहीत, छपरीच सगळी घेऊन आले. माझी खरी गाठ चिखला गावच्या एका मुलीशी होती. तिचे वडील मँगनीजच्या खाणीत होते आणि ते बाजूला उभे होते. ती शाळेच्या चड्डीत होती. तिला कुणी काही म्हणताना मी पाहिलं नाही.

मी पळाले. सलवार फडफडत होती पण कोरडी होती. शेवटच्या वळणावर मी तिला गाठलं, आणि आम्ही दोघी एकदमच सुतळीवर पडलो. काकांनी खांबावर आपटून शिकवलं होतं तशी मी छाती पुढे टाकली होती. एक शिक्षक म्हणाले ही, दुसरे म्हणाले ती. आणि मग मैदानावर बाबांचा आवाज घुमला. पुन्हा पळवा. मागोमाग सगळी छपरी बोलू लागली, मग इतर गावांतली माणसंसुद्धा. पंच शिक्षक असले तरी आमच्याच भागातले होते, पट पाहिलेले होते. त्यांनी आपसात बोलून ठरवलं की बाकीच्या शर्यती झाल्यावर या दोघींना पुन्हा पळवायचं. बाबांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मला आजही दिसतं. अमेरिकेला जमलं नाही ते तुमसरनं करून दाखवलं होतं.

तेवढ्यात पाऊस आला. सरीवर सरी पडल्या आणि थांबल्या. मैदानात जागोजागी पाणी साचलं. माझी सलवार गुडघ्यापर्यंत भिजली आणि पायांना चिकटली. मास्तर माझ्यापाशी आले. शाळेची चड्डी त्यांच्या पिशवीत होती. ते म्हणाले, वडलांना विचार. मी बाबांकडे गेले, त्यांच्यासमोर उभी राहिले आणि विचारलं. सगळे ऐकत होते. बाबांनी इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाले, “हाये त्यातच पळ.”

मी पळाले. पहिल्या वळणावर सलवार चिखलानं जड झाली, दुसऱ्यावर तिचा काठ टाचेखाली आला आणि फाटला. मी पडले नाही. पण चिखल्याची मुलगी पुढे गेली आणि पुढेच राहिली. या वेळी पंचांत वाद झाला नाही. तिच्या वडलांनी तिला पाणी दिलं, आणि येऊन माझ्याही हातात तांब्या दिला. मी पाणी प्याले. रडले नाही. रडायला नंतर भरपूर वेळ होता.

घरी आल्यावर बाबांनी छपरीत सगळं सविस्तर सांगितलं. बरोबरी कशी झाली, त्यांनी आवाज कसा दिला, पंचांनी कसं ऐकलं. आपल्याकडे न्याय आहे, ते म्हणाले. जे आले नव्हते त्यांच्यापैकी कुणीतरी विचारलं, मग पोरगी हरली कशी? बाबा म्हणाले, “दम कमी पडला.”

आत आई माझी सलवार धुवायला घेत होती. तिनं ते ऐकलं. तशीच, चिखलासकट, फाटक्या काठासकट ती सलवार घेऊन ती छपरीत गेली. आई एरवी चहा ठेवायला यायची आणि कप न्यायला यायची. तिनं सलवार बाबांसमोर जमिनीवर टाकली, आणि तिचं पाणी पसरत बाबांच्या पायाशी गेलं.

“हे बांधा तुमच्या बैलाइच्या पायाले,” ती म्हणाली. “आन् मंग पळवा पट.”

काका पेपरात पाहत राहिले. बाबा म्हणाले, ओलं कापड आत घेऊन जा. आईनं ते उचललं नाही. शेवटी मीच उचललं.

जिल्ह्याची स्पर्धा भंडाऱ्याला झाली, चिखल्याची मुलगी गेली. दहावीनंतर माझी शाळा थांबली आणि मास्तर पुन्हा घरी आले नाहीत. भिंतीवरचा फोटो मात्र तसाच राहिला, पिवळा पडला तरी कुणी काढला नाही. पुढच्या रोवण्यात एका संध्याकाळी पाहुणे आले, त्यांनी फोटोबद्दल विचारलं, आणि बाबांनी ती शर्यत पुन्हा सांगायला घेतली. पोरीवर मोठा अन्याय झाला, ते म्हणाले, आपल्या पोरीवर. त्यांचा आवाज खरोखर जड झाला होता. मी तेव्हा बांदीतून येऊन दारात पायांचा चिखल धूत होते, परकर गुडघ्यांवर खोचलेला. पाहुण्यांनी मला पाणी मागितलं.