डोंगरावरचा बे

गाव सोडलं त्या सकाळी दादानं मला आधी डोंगरावर नेलं. शेगावची एस.टी. दुपारची होती. आज कशाला त्याला दमवतं, असं आई भाकरी बांधता बांधता म्हणत राहिली, पण दादानं ऐकलं नाही. सोनाळ्याच्या मागं सातपुडा सुरू होतो. त्याच्या पहिल्याच माथ्यावर आम्ही लहानपणापासून जायचो, भाकर-चटणी खायचो आणि उन्हं कलली की परत यायचो. त्या दिवशी थंडीचं धुकं खालच्या सगळ्या सपाटीवर पसरलं होतं. गावं नाहीत, शेतं नाहीत. डोंगराच्या सोंडा तेवढ्या त्या पांढऱ्यात शिरलेल्या. वरवट बकालकडच्या विहिरींचं पाणी खारं, म्हणून तिथं कधीकाळी दर्या असणार, असं दादाचं ठाम मत होतं. समुद्र आम्हा दोघांनीही पाहिलेला नव्हता. बराच वेळ खाली बघून तो म्हणाला, "दर्या असाच दिसत असन काय बे?"

गाडी सुटताना आई एवढंच म्हणाली, "आवाज देत जाय."

सोनाळ्यात राहिलेल्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहितो आहे. एका 'बे'वरून दादाबद्दल जे हसून सांगितलं जातं ते खरं नाही, आणि ते पसरवणारा मी आहे.

मी अमेरिकेत राहतो ते शहर एका मोठ्या खाडीवर आहे. खाडीला इथं बे म्हणतात, सगळ्या भागालाच बे एरिया म्हणतात. आम्ही काही रिटायर्ड मंडळी शनिवारी हाईकला जातो. पार्किंगमध्ये गाड्या लावायच्या, ट्रेलनं माथा गाठायचा, बाकावर बसून सँडविच खायचं आणि समोरचा व्ह्यू बघायचा. खाली पाणी, पाण्यात शिरलेल्या डोंगराच्या सोंडा, पूल, जहाजं. पहिल्यांदा वर आलो तेव्हा मला हे सगळं सोनाळ्याच्या धुक्यासारखं वाटलं. दादाला मात्र धुकं दर्यासारखं वाटलं होतं. कोणतं कशासारखं, हे मला अजून नीट ठरवता येत नाही.

अशाच एका शनिवारी सकाळी मी वर पोचलो आणि दादाचा फोन आला. पुतणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता, अंगणात पाहुणे जेवत होते. अमेरिकेचा भाऊ सगळ्यांना ऐकू यावा म्हणून त्यानं स्पीकर लावला होता. तो विचारत होता, "लग्नाले येशीन ना?" मी म्हटलं, बघतो. त्यानं पुन्हा विचारलं. वारा होता, सोबतचे पुढं जाऊन माझ्यासाठी थांबले होते, आणि जायचं माझ्या मनात नव्हतं. त्यानं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी म्हणालो, "किती वेळा इचारतं बे."

आमच्याकडं थोरला धाकट्याला बे म्हणतो, दोस्त दोस्ताला म्हणतो. धाकट्यानं थोरल्याला म्हणायचं नसतं, आणि सोयऱ्यांसमोर तर नाहीच. फोनमध्ये कुणीतरी हसल्याचं ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी वहिनीनं रडक्या आवाजात विचारलं, भाऊजी, असं काऊन बोलले? मी म्हणालो, वहिनी, इथं पाण्याला बे म्हणतात, मी समोरच्या पाण्याबद्दल सांगत होतो, वाऱ्यात मागचं-पुढचं ऐकू गेलं नसेल. तिला केवढं हायसं वाटलं. तिनं ते घरोघर सांगितलं, आणि दादा गावाचं हसू झाला. लग्नाच्या मांडवात सोयऱ्यांनी त्याला समजावलं म्हणे, "दादा, बे म्हंजे पानी असते पानी." चहाच्या टपरीवर पोरं त्याला विचारायची, घागरभर बे भरून आणू काय? त्यानं एकदाच सांगितलं, मी बराबर आयकलं होतं. कुणाला पटलं नाही. मग तो फोनवर येईनासा झाला.

हाच किस्सा मी इकडच्या गेट-टुगेदरमध्येही सांगितला. लोक हसले की त्यात एखादं जहाज घालायचो. इतक्यांदा सांगितला की आता आठवायला बसलं तर मला माझाच आवाज ऐकू येतो, 'दादा, सगळा बे दिसते.' खरं काय बोललो, माझाच गोंधळ होतो. पण एक गोष्ट त्या किश्शात काही केल्या बसत नाही. त्या दिवशी इथं धुकं होतं. पाणी दिसतच नव्हतं.

गेल्या शनिवारी पुन्हा तसंच धुकं आलं. मी माथ्यावरून वहिनीला फोन केला आणि म्हणालो, स्पीकर लावून अंगणात ठेवा. पुतणी माहेरी आली होती, शेजारचेही बसले होते. मी सांगितलं, त्या दिवशी मला इथून पाणी दिसत नव्हतं. मी दादालाच बे म्हटलं होतं. दादानं बरोबर ऐकलं होतं.

कुणी हसलं नाही. भांडं ठेवल्याचा आवाज आला. फोन चालू आहे की कटला, म्हणून मी स्क्रीन बघत होतो, तेवढ्यात दादाचा आवाज आला. म्हातारा झाला आहे आवाज.

"आता दिसते काय बे?"

तो पाण्याबद्दल विचारत होता की मला बे म्हणत होता, मला कळलं नाही. आजही कळलेलं नाही. मी म्हणालो, "नाही दिसत दादा. धुकं हाय. आपल्या डोंगरावरून होतं तसंच."

तो म्हणाला, "मंग दमानं उतरजो."

मी उतरायला लागलो. पायवाट पुढं पांढऱ्यात शिरत होती, आणि खाली पार्किंग आहे की सोनाळा, हे मला थोडा वेळ खरंच सांगता आलं नसतं.