भिंतीला कान लावणारे केरबा

केरबा बनसोडे आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा मी पाणी आणेपर्यंत त्यांनी बैठकीच्या भिंतीवर बोटाच्या पेरानं तीनदा टकटक केलं आणि कान लावला. पलीकडे आमची झोपायची खोली. ते गेल्यावर मी त्याच भिंतीला टेकलेलं तिथलं कपाट उघडून बांगड्या जागेवर आहेत का ते पाहिलं.

त्यांच्याबद्दल तोवर मी पुष्कळ ऐकलं होतं. माझी मुलगी मालविका साइट इंजिनिअर होती. लातूरहून औशाकडे जाताना लागणारी करोडगिरीची कचेरी, म्हणजे निजामाच्या काळात मालावर जकात घ्यायचे ती दगडी इमारत, एका कंपनीनं विकत घेतली होती. तिचं अठ्ठावीस खोल्यांचं आलिशान हॉटेल व्हायचं होतं, गच्चीवर पोहायचा तलाव. जुनं चुन्याचं काम जाणणारा माणूस हवा म्हणून औशाहून केरबांना बोलावलं होतं.

वय सदुसष्ट. वडील चुना मळायच्या दगडी घाणीवर बैल हाकायचे. केरबा दहाव्या वर्षी घाणीत वाळू टाकायला उभे राहिले, पंधराव्या वर्षी हातात थापी आली. चुना किती दिवस भिजवायचा, गुळाचं आणि हिरड्याचं पाणी कधी घालायचं, हे एका उस्तादानं शिकवलं. पुढे सिमेंट आलं आणि त्या विद्येला कोणी विचारेना. मग गावोगाव गवंडीकाम केलं, मुलाला शिकवलं. तो आज हदगावकडे तलाठी आहे. बाप मात्र अजून थापी सोडत नाही.

साइटवर त्यांच्याविषयी एकच बोलणं चालायचं, म्हातारा गुप्तधन शोधतोय. जेवणाच्या सुट्टीत सगळे आडवे झाले की हा भिंती ठोकत फिरतो. पश्चिमेच्या भिंतीवर त्यानं चुन्याच्या पाच पट्ट्या ओढल्यात आणि वर खिळ्यानं काहीबाही कोरलंय. मॅनेजर मिहिर मालविकाला म्हणाला होता, तुझ्या केरबामामांकडून वाटा आधीच ठरवून घे. ती हे सांगताना हसली. मला हसू आलं नाही. जकातीची कचेरी म्हणजे पैशाचीच जागा. आणि चोवीस वर्षांच्या पोरीला हा माणूस रोज आपल्या डब्यातला ठेचा कशासाठी देतो?

तर त्या रविवारी ते आले, तेव्हा मालविका नांदेडला मैत्रिणीच्या लग्नाला गेलेली. केरबा उभ्या उभ्याच म्हणाले, "मॅडमला सांगा, पश्चिमेच्या भिंतीच्या कागदावर सही करायच्या आधी माझ्या पट्ट्या बघा म्हणावं. आन् गच्चीचा नकाशा घरी असंल तर दावा मला."

नकाशा म्हटल्याबरोबर माझी खात्रीच झाली. घरी काही नाही, असं सांगून मी त्यांना वाटेला लावलं आणि अडीअडचणीसाठी लिहून ठेवलेला मिहिरचा नंबर फिरवला. सोमवारी केरबांना गेटवरूनच परत पाठवलं. मालविकाला मी निरोपही सांगितला नाही आणि फोनचंही नाही.

मंगळवारी ती जेवायला बसली, पण घास घेईना. म्हणाली, केरबामामांना काढलं, कुणीतरी तक्रार केली म्हणे. शिवाय मिहिर उद्याच्या उद्या एका कागदावर सही मागतोय. पश्चिमेची भिंत मी स्वतः तपासली, तलावाचं ओझं पेलेल, असं त्यात लिहिलंय.

"सही माझीच का हवी त्यांना?" ती म्हणाली. "मोठे साहेब आहेत की."

केरबा म्हणाले होते तो कागद हाच. दोन दिवस मी भलत्याच माणसावर डोळा ठेवून बसले होते, हे मला तेव्हा कळलं. मी तिला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. ताट बाजूला सारून एवढंच म्हणाली, "आई, निरोप तरी द्यायचा होतास."

बुधवारी सकाळी मी तिच्याबरोबर साइटवर गेले. कोरलेलं काहीबाही म्हणजे तारखा होत्या. भिंतीला जिथं बारीक तडा, तिथं आडवी चुन्याची पट्टी आणि ती ओढल्याची तारीख. भिंत हलली नाही तर पट्टी अखंड राहणार. पाचांपैकी तीन मधोमध फुटल्या होत्या. त्या ओढल्यानंतरच गच्चीवर वाळूची पोती आणि लोखंड चढवलं होतं. मालविकानं भिंत ठोकली, मीही कान लावला. खाली आवाज भरीव, छातीच्या वर रिकाम्या डब्यासारखा. मिहिर म्हणाला, जुना चुना फुटतोच. तिनं सही केली नाही. संध्याकाळी तिला उद्यापासून येऊ नका असा निरोप आला.

शनिवारी आम्ही औशाला गेलो. केरबा अंगणात चुना चाळत होते. त्यांनी मालविकाला खुर्ची दिली, मला पाणी. मी माफीचं बोलायला लागले तसं त्यांनी चाळण खाली ठेवली.

"फोन तुम्हीच केलता बाई. गेटवरच्यानं सांगितलं मला."

मग आपणहून बोलले. किल्लारीकडं त्यांच्या बहिणीचं घर होतं, रेणुकाचं. ते केरबांनीच बांधलं होतं. "दोन्ही अंगानं दगड, मधी मातीची भर. दोन्ही अंगं बांधून धरायला आरपार दगड घालावा लागतो. घाई होती, न्हाई घातला. त्र्याण्णवच्या भूकंपात भिंत मधून उकलली. रेणुका आत होती."

तेव्हापासून ज्या घरात जातील तिथली भिंत ते आधी ठोकतात. आवाज रिकामा आला की अंगं सुटलीत. सांगितलं तर लोक हसतात, म्हणून आता कुणाला सांगत नाहीत.

मालविकानं पट्ट्यांचे फोटो, तारखा आणि सगळी हकिगत लिहून आणली होती. अर्जाखाली तिनं सही केली, तिच्याखाली केरबांनी. तो जिल्हा कचेरीत दिला आहे. पोच मिळाली, उत्तर नाही. कंपनीनं दुसऱ्या कुणाची सही घेतल्याचं ऐकते. गच्चीवरची पोती रस्त्यावरून अजून दिसतात, आणि खाली दिवसभर वीस-बावीस माणसं काम करत असतात.

निघताना मी केरबांना विचारलं, त्या दिवशी आमची भिंत ठोकलीत, ती कशी आहे?

"चांगली हाय. फकस्त कपाटामागं ओल धरलीय, तेवढी बघा."

कपाट तिथं आहे हे यांना कसं ठाऊक, असं माझ्या मनात आलंच. घरी आल्यावर आम्ही दोघींनी कपाट सरकवलं. मागे हातभर भिंत ओली होती.