आधी कठडा

गल्लीच्या टोकाला नव्या घराचा स्लॅब पडलाय. संध्याकाळी त्यावर पाणी मारलं की ओल्या सिमेंटचा गारसर वास आमच्या अंगणापर्यंत येतो आणि मला हटकून शेजारच्या वहिनींचा तो उन्हाळा आठवतो.

वडवणीत तेव्हा पत्र्याची घरं जाऊन स्लॅबची येऊ लागली होती. पुढेमागे वरचा मजला चढवायचा, म्हणून लोक गच्चीच्या कडा उघड्याच ठेवत. त्या सकाळी आम्ही बायका वहिनींच्या गच्चीवर कुरडया घालत होतो. त्यांची दुडदुडत चालणारी लेक चिकाने माखलेली बोटं चाटत आमच्यातच होती. कुरडयांवर चिमण्या उतरल्या, उडाल्या. त्यांच्यामागे ती हसत धावली, आणि गच्ची संपली.

खाली मातीत ती निपचित पडलेली. जीपनं बीडला नेलं. डोक्याला मार होता, मांडीचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात तिनं डोळे उघडून पाणी मागितलं, तेव्हा कुठे वहिनी रडल्या.

भेटायला येणारे म्हणत, "नशीब थोर, म्हून वाचली."

वहिनी शांतपणे म्हणत, "नशिबाचं ऱ्हाऊ द्या. कठडा न्हवता, म्हून पडली."

लेकीचं प्लास्टर निघायच्या आत त्यांच्या गच्चीला छातीइतका कठडा आणि जिन्याला दार झालं. मग त्या घरोघर जाऊ लागल्या. समोरच्या घरातले म्हातारे मामा म्हणाले, "वरचा मजला चढवायचाय, कठडा मंग बघू."

"तवर नातवंडं कुटं ठिवताल, मामा?"

बाजाराचा दिवस सरला आणि मामांच्या दारात विटांचा ट्रॅक्टर उभा राहिला. पुढे लोक आपणहून वहिनींना गच्ची दाखवायला नेऊ लागले. कठड्याला टेकलेली बाज त्या ओढून मधे घेत आणि म्हणत, "हिच्यावर चढतंय लेकरू."

ती लेक आता नोकरीला लागलीय. सुट्टीत आली की पळत जिना चढते. तिच्यानंतर गल्लीत कितीतरी पोरं गच्च्यांवर खेळून, भांडून वाढली. वहिनींनी आपल्यासाठी काय केलं, हे त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नाही, आणि वहिनींनाही त्याचं काही वाटत नाही. घडून गेलेल्याच्या गोष्टी माणसं सांगत राहतात. जे लेकरू पडलंच नाही, ते मात्र असं बिनबोभाट मोठं होतं. त्याला मिसरूड फुटतं, आणि भूक लागली की ते गच्चीवरच्या आईला खालूनच हाक मारतं.