बेसमेंटखालचे ठोके

इथले असे गूढ अनुभव मी इतकी वर्षं वाचत आलोय ते करमणूक म्हणून, आणि वाचून झाल्यावर बायकोला एखादं वाक्य मोठ्याने वाचून दाखवून हसण्यासाठी. स्वतः लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. मी मूळचा नागपूरचा, गेली बरीच वर्षं मिशिगनमध्ये ट्रॉयला आहे. काम क्रॅश सिम्युलेशनचं — गाडी आदळली तर आतल्या माणसाचं काय होईल ते कॉम्प्युटरवर आधीच काढायचं. धक्का कुठून आला, पत्र्यातून कसा गेला, कुठे जिरला... हे सगळं मोजता येतं यावर माझं पोट चालतं. त्यामुळे पुढचं वाचताना तुम्हाला जे प्रश्न पडतील ते मला आधीच पडून गेलेत, एवढं लक्षात असू द्या.

आमच्या शेजारी वॉल्टर राहायचा. ऐंशीच्या घरातला, जन्म जर्मनीतला, तरुणपणी डेट्रॉइटला आला आणि आयुष्यभर कारखान्यांसाठी डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे, बनवले. बायको गेलेली, मुलगी ओहायोत. आम्ही इथे नवीन आलो तेव्हा पहिल्या स्नोमध्ये माझी गाडी ड्राइव्हवेत रुतली होती, तेव्हा फावडं घेऊन न बोलावता आलेला माणूस. त्याच्याशी सगळं बोलणं इंग्रजीतच व्हायचं, मी इथे मराठीत लिहितोय.

त्याच्या घरात शिरलं की पहिली गोष्ट डोळ्यात भरायची — आत दारंच नव्हती. बाथरूमचं सोडून सगळी काढलेली, नुसत्या चौकटी. मला वाटलं रंगकाम चाललंय. नंतर कळलं, लहानपणापासूनची सवय. त्याच्या वडिलांना बंद दार सहन व्हायचं नाही.

आणि बेसमेंटमध्ये जहाज होतं.

टिर्पिट्झ. दुसऱ्या महायुद्धातली जर्मनीची प्रचंड युद्धनौका, बिस्मार्कची बहीण. वॉल्टर तिचं मॉडेल करत होता, पण दुकानात मिळतं तसलं किट नव्हे. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेलं, पितळ आणि लाकडाचं. विल्हेल्म्सहाफेनच्या गोदीत जसं खरं जहाज बांधलं, त्याच क्रमाने — आधी कणा, मग बरगड्या, मग पत्रे. आतले बॉयलर, वायरिंगचे बोळ, खलाशांच्या झोपायच्या जागा, शिड्या... सगळं करायचा आणि मग वरून पत्रा लावून बंद करून टाकायचा.

मी एकदा म्हटलं, "बाहेरून दिसणारच नाही, तर एवढी मेहनत कशाला?"

तो म्हणाला, "माझे वडील बाहेर नव्हते."

वडील त्या जहाजावर इलेक्ट्रिशियन होते, जेमतेम विशीतले. वॉल्टर हाताने काम करता करता त्यांच्याबद्दल सांगायचा. दोन-अडीच हजार माणसांचं तरंगतं गाव. नॉर्वेच्या खाडीत, दोन्ही बाजूंना डोंगर, पाण्यात पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, अडवायला जाळ्या लावलेल्या. विमानांना दिसू नये म्हणून डेकवर झाडांच्या फांद्या बांधायच्या, धूर सोडून खाडी भरून टाकायची. हिवाळ्यात सूर्य उगवायचाच नाही. पत्ते, मासेमारी, पुन्हा पत्ते. मोठ्या तोफा शत्रूच्या किनाऱ्यावर एकदाच काय त्या चालल्या. बाकी वेळ शत्रूच यांना शोधत यायचा — कधी छोट्या पाणबुड्यांनी तळाखाली स्फोटकं ठेवली, कधी विमानांनी डेक भाजून काढला. दुरुस्ती करायची आणि पुन्हा वाट पाहायची. "बाबा म्हणायचे, आम्ही युद्ध केलंच नाही, युद्धाची वाट पाहिली. त्या वाट पाहण्यानेच माणसं आतून हलायची."

आमची ईरा, सोळा वर्षांची, एकदा माझ्याबरोबर आली होती. ती सरळ म्हणाली, "बट दे वेर द बॅड गाइज, राइट?"

मला ओशाळल्यासारखं झालं. वॉल्टरने पितळी पट्टी खाली ठेवली. "हो. आणि माझे वडील त्यांच्यातलेच एक होते. या टेबलावर मी दोन्ही गोष्टी ठेवतो, एकही खाली काढत नाही."

शेवटही त्यानेच सांगितला. प्रचंड वजनाचे बॉम्ब पडले आणि जहाज कलंडत कलंडत उलटं झालं. पाणी उथळ, त्यामुळे तळ वर राहिला, व्हेलच्या पाठीसारखा. आतल्यांसाठी फरशीचं छत झालं. शेकडो माणसं अडकली. जी जिवंत होती ती अंधारात वर, म्हणजे तळाकडे, चढत गेली आणि हाताला लागेल त्याने पत्र्यावर ठोकायला लागली. बाहेर माणसं त्या तळावर चालत होती, ओणवी होऊन कान लावत होती. ठोका ऐकू आला की वरून ठोकून उत्तर द्यायचं — म्हणजे आतल्याला कळतं कुणीतरी आहे — आणि मग गॅसच्या ज्योतीने पत्रा कापायचा. अशा एका भोकातून त्याच्या वडिलांना ओढून काढलं. काही जणांना काढता आलं. बहुतेकांना नाही.

आता त्या शनिवारचं.

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे होतं. बाहेर दोन दिवस वाऱ्यासकट बर्फ पडून थांबला होता. वर हॉलमध्ये माझ्या बायकोच्या, मेधाच्या मैत्रिणी, साड्यांवर स्वेटर, तिळगुळाचे डबे, मुलांचा गोंधळ. आम्ही नवरे खाली बेसमेंटमध्ये, टीव्हीवर गेम लावून. थोड्या वेळाने दोघं-तिघं चहासाठी वर गेले, मी आणि नितीन उरलो. नितीन पुण्याचा, माझ्याच कंपनीतला, जुना मित्र.

टक-टक... टक.

मला वाटलं वर पोरं उड्या मारतायत. पण आवाज वरून नव्हता. पायांना लागत होता. मी टीव्ही म्यूट केला.

टक-टक... टक.

"सम्प पंप असेल," नितीन म्हणाला. इथल्या बेसमेंटमध्ये कोपऱ्यात एक खड्डा असतो, जमिनीतलं पाणी बाहेर फेकायला त्यात पंप असतो. माझ्याही मनात तेच आलं. जाऊन झाकण उघडलं. खड्डा कोरडा. तरी मी प्लग काढला. घर गरम ठेवणारी फर्नेस बंद केली. वर जाऊन नळ कुणी वापरत नाही ना ते पाहून आलो.

आवाज सुरूच. काँक्रीटखालून. आणि आमच्या काँक्रीटखाली माती आहे, दुसरं काही नाही.

मी गुडघ्यावर बसून फरशीला कान लावला. कसं सांगू... लांबून येणारा आवाज कसा पसरट होतो, तसा नव्हता. अगदी पलीकडून, हाताच्या अंतरावरून यावा तसा. मला काय वाटलं कुणास ठाऊक, कपाटातला हातोडा काढला आणि फरशीवर चार ठोके दिले.

शांतता.

मग खालून चार.

मी नितीनकडे पाहिलं. त्याने मान हलवली, म्हणजे त्यालाही ऐकू आलं होतं. "एको असेल, यार," तो म्हणाला, पण आवाज अगदी खाली होता. मी पाच दिले, मध्ये एक थांबा घेऊन. खालून पाच आले, त्याच जागी थांबून.

त्यानंतर ठोके सरकायला लागले. खरंच सांगतो, सरकायला लागले. सोफ्याखालून टेबलाकडे, टेबलाकडून पूर्वेच्या भिंतीकडे. मी हातोडा घेऊन रांगत मागे, नितीन उभा. भिंतीशी पोचल्यावर एकाच जागी, जोरजोरात, घाईने.

त्या भिंतीच्या पलीकडे वॉल्टरचं घर.

माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, म्हातारा खाली हातोड्याने पत्रा ठोकतोय, गोठलेल्या जमिनीतून आवाज येतोय. झालं, गणित सुटलं. नितीनलाही हसू आलं. तेवढ्यात जिन्यावरून मेधाची हाक आली. "अरे सुहास, वॉल्टरला बोलावलं होतं ना? आलाच नाही, फोनही उचलत नाहीये. जरा बघून ये."

हसू तिथेच थांबलं.

आम्ही जॅकेट चढवून बाहेर पडलो. त्याच्या ड्राइव्हवेतला बर्फ कुणी काढला नव्हता, एकही पाऊल उमटलेलं नाही. गॅरेजच्या बाजूचं दार तो कधीच लॉक करत नसे. आत शिरलो, हाक मारली. बेसमेंटमध्ये दिवा होता.

वॉल्टर जहाजासमोर स्टुलावर बसला होता, डोकं टेबलावर टेकलेलं, एक हात खाली लोंबत. चेहरा नको तितका गुलाबी. हलवलं तर उठेना. श्वास होता, अगदी बारीक. मला दारातच डोकं जड झाल्यासारखं वाटत होतं... नितीनच्या लक्षात आधी आलं. "गॅस. सुहास, बाहेर काढ आधी, बाहेर."

आम्ही दोघांनी त्याला काखेत धरून जिन्यावरून ओढत वर आणलं आणि बर्फात निजवलं. मी नाइन-वन-वनला फोन केला. फायरवाले आले, मीटर घेऊन आत गेले आणि लगेच मास्क लावायला बाहेर आले. कार्बन मोनॉक्साइड. फर्नेसचा धूर बाहेर सोडणारा पाइप भिंतीबाहेर जमिनीलगत होता, वाऱ्याने साचलेल्या बर्फात तो गाडला गेला होता. भिंतीवरचा गॅसचा अलार्म कधीचाच मेलेला. त्यांनी आमचंही घर तपासलं, कारण मला भास झाला असेल तर तोही त्याच गॅसने, हा विचार मीच त्यांना बोलून दाखवला. आमच्याकडे मीटर शून्यावर.

अँब्युलन्सच्या माणसाला मी विचारलं, "तो आत्तापर्यंत ठोकत होता का? म्हणजे... शुद्धीत होता का?"

तो म्हणाला, "नाही. बराच वेळ झालाय याला."

टेबलावर हातोडा नव्हता. तो त्या दिवशी एक बारीक शिडी चिकटवत होता, ग्लू वाळून खडखडीत झाला होता.

घरी पाहुणे घाबरून निघाले. मेधा सगळ्यांना वाण देत होती, कारण काय करावं हे कुणालाच सुचत नव्हतं. मी पंपाचा प्लग परत लावायला खाली गेलो. एकटाच.

ठोके अजून येत होते.

पूर्वेच्या भिंतीशी नाही. अगदी विरुद्ध कोपऱ्यात, वॉशिंग मशीनजवळ. सावकाश, दमलेले. मग मध्येच दुसरीकडून एक, खोलीच्या मधोमध. वॉल्टर तर अँब्युलन्समध्ये होता. त्या बाजूला घर नाही, मोकळं गवत आहे.

पळून जावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण पाय निघेना. मी हातोडा घेतला आणि उत्तर देत बसलो. इथला आला की इथे जायचो, तिथला आला की तिथे. घाम आला होता. दोन ठोक्यांमधलं अंतर वाढत गेलं. शेवटी मधला थांबला. कोपऱ्यातला थोडा वेळ चालला... मग तोही थांबला. मी बराच वेळ वाट पाहिली. मेधा खाली आली तेव्हा मी वॉशिंग मशीनला टेकून बसलो होतो आणि हातोडा अजून हातात होता.

वॉल्टर वाचला. काही दिवसांनी हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलो तेव्हा नीट बोलत होता, फक्त शब्द शोधावे लागत होते. मुलगी ओहायोहून आली होती, ती कॉफी आणायला गेली तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. तो हसेल किंवा घाबरेल असं वाटलं होतं.

त्याने एवढंच विचारलं, "तू उत्तर दिलंस?"

"हो."

"नंतरच्यांनाही?"

"हो. थांबेपर्यंत."

तो म्हणाला, "बाबांना भोकातून काढलं तेव्हा ते गारठून लाकूड झाले होते. तळावर आडवं निजवलं. आणि पाठीखालून ठोके येत होते, दुसऱ्या खोलीत अडकलेल्यांचे. बाबांनी टाचेने उत्तर द्यायला सुरुवात केली. तेवढ्यात दोघांनी उचलून त्यांना बोटीत नेलं. ते ओरडत होते, मला खाली ठेवा. कुणी ऐकलं नाही. आयुष्यभर कुठे धड बसले नाहीत ते. जेवतानासुद्धा टाच हलायची."

मग त्याने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मुलगी कॉफी घेऊन आली तरी.

तो आता तिच्याकडेच राहतो. जहाज अर्धवट अवस्थेतच ओहायोला गेलं. घर एका तरुण तेलुगू जोडप्याने घेतलं. मी त्यांना धुराचा पाइप उंच करून घ्या, अलार्म नवा लावा, एवढं बजावलं. बाकीचं कसं सांगायचं? नितीन तर विषयच काढू देत नाही. "पाइप होते," म्हणतो. कुठले पाइप, विचारलं तर चिडतो.

मी प्लंबर बोलावून फरशीखालची ड्रेन लाइन कॅमेऱ्याने पाहून घेतली. आवाज मातीतून किती जातो याचं मॉडेल बनवलं, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर. प्रत्येक स्पष्टीकरण थोडं थोडं बसतं, पण मोजून उत्तर देणारा आवाज कशातच बसत नाही. आणि वॉल्टर बाहेर आल्यानंतरचे ठोके तर नाहीच. इथल्या कुणाला काही सुचलं तर मला खरंच ऐकायचंय.

त्यानंतर पुन्हा कधी काही ऐकू आलं नाही. मेधा म्हणते, बेसमेंट भाड्याने दे, नाहीतर तिथे जिम कर, तुझं तिथे बसणं बंद तरी होईल. मी शनिवारी खाली जातो, सोफ्यावर बसतो, थोड्या वेळाने उठतो, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जातो, पुन्हा बसतो. टीव्ही लावत नाही.