दोघींत एक पुस्तक

कर्जतच्या बाजारात भुसार दुकानाच्या मागल्या खोलीत सार्वजनिक वाचनालय होते. मोठ्या माणसांसाठी दोन कपाटे आणि मुलांसाठी एक पत्र्याची पेटी. पेटीवर पांढऱ्या रंगाने ‘बालविभाग’ लिहिलेले. ती फक्त रविवारी दुपारी उघडत असे. भिवपुरीला तेव्हा वीज तयार होत होती आणि तारांवरून मुंबईला जात होती. आम्ही दहिवलीची पोरे चिमणीचा धूर नाकात घेत वाचत होतो.

पेटी सांभाळायला एक रिटायर पोस्टमास्तर होते. त्यांना मुले आवडत नसत. पुस्तके आवडत, आणि मुले ती खराब करतात एवढेच त्यांना मुलांबद्दल माहीत होते. परत आलेले पुस्तक ते आधी नाकाला लावत. मग म्हणत, “रॉकेल,” किंवा “तंबाखू. बापाला सांग, पुस्तकावर चंची ठेवू नकोस.” सगळी पोरे हसत. ज्याचे पुस्तक असे, तो हसत नसे.

मुलग्यांना एकेक पुस्तक मिळे. मुलींना दोघींत एक. “पोरींना वाचायला वेळ कुठे असतो?” असे पोस्टमास्तर म्हणत, आणि ते खरेच होते. पुस्तक एक आठवडा एकीकडे, एक आठवडा दुसरीकडे. तिसऱ्या रविवारी दोघींनी सगळ्यांसमोर उभे राहून गोष्ट सांगायची, अर्धी पहिलीने, अर्धी दुसरीने. सांगता आली तर नवे पुस्तक. पुस्तक खराब झाले तर जिने केले तिचे नाव वहीतून खोडायचे, आणि कोणी केले ते कळले नाही तर दोघींची नावे खोडायची.

माझ्याशी जोडी करायला कोणी तयार नव्हते, कारण मी भांडकुदळ होते. दुसरी एक उरली होती, तिच्याशीही कोणी जोडी करेना, कारण ती डोंगराखालच्या ठाकरवाडीची. इन्स्पेक्टर यायच्या आधी पट भरायला म्हणून आमच्या गुरुजींनी वाडीवरची चार पोरे शाळेत आणली होती. इन्स्पेक्टर येऊन गेले, तीन पोरे पळाली, ही एकटी राहिली. शाळेत ती दाराशी बसे आणि वाचनालयात पायरीवर. पोस्टमास्तरांनी उरलेल्या दोघींना एकत्र बांधले आणि म्हणाले, “घ्या. भांडा आता.”

आम्ही भांडलो नाही. तिला वाचन सावकाश येई, अक्षराखाली बोट धरून वाची, म्हणून पहिला आठवडा तिचा. तिचे अर्धेच होई. उरलेले अर्धे ती तिसऱ्या रविवारी माझ्या तोंडून ऐकायची. पायरीवर बसून, गुडघे पोटाशी घेऊन, माझ्याकडे अशी बघायची की मला उगीच जोर चढे आणि मी पुस्तकात नसलेलेही चार शब्द घालून सांगत असे. असे पाच-सहा वेळा झाले. ती मला आवडत होती असे मी म्हणणार नाही. माझी गोष्ट तिच्यासारखी कोणी ऐकली नाही, एवढे खरे.

मग त्या श्रावणात एक जाड पुस्तक आले. एका मुलीला चोर पळवून नेऊन लांबच्या शहरात विकतात, आणि ती तिथून सुटून पायी आपल्या घराकडे निघते. ठाकरीण मुलीने तिच्या आठवड्यात अर्धे वाचले. ती मुलगी नदीच्या उतारावर येऊन नावेची वाट बघत उभी राहते, तिथपर्यंत. तिथे पळसाचे पान घालून तिने पुस्तक मला दिले. म्हणाली, “हितनं पुढं नीट वाच गं. माज्यासाटी बी वाच.”

मी वाचले. दोन दिवसांत संपवले. पण पाऊस असा लागला की पुठ्ठ्यावर बुरशी धरली. मी घाबरले. आमच्या घरात चुलीवर बांबूची ताटी टांगलेली होती. पावसाळ्यात जे वाळत ठेवायचे, जपायचे, ते सगळे त्या ताटीवर जाई. बियाणे, मिरच्या, ओले कपडे, आणि बाजारातून भरून ठेवलेले बोंबील आणि सुकट. मी पुस्तक फडक्यात गुंडाळून तिथे ठेवले. चार दिवस धुरावर राहिले. बुरशी गेली, पुठ्ठा कडक वाळला, मी आईला दाखवलेही. आई म्हणाली, “बरं झालं.” वास आमच्यापैकी कोणालाच आला नाही. आमच्या नाकाला तो वास म्हणजे घर होते.

तिसऱ्या रविवारी पोस्टमास्तरांनी पुस्तक नाकाशी नेले आणि हात लांब केला.

“हे पुस्तक आहे की बोंबलाची टोपली?”

पोरे खिदळली. खोलीच्या दुसऱ्या टोकाला मोठे मुलगे बसत. त्यांचे तरुण वाचक मंडळ होते आणि ते दर महिन्याला एक हस्तलिखित काढून भिंतीला टांगत. त्यांच्यातला एक ओरडला, “पोस्टमास्तर, आत काटे असतील, जपून उघडा!” पोस्टमास्तरांनी पुस्तक फिरवले. एकेक पोर वास घेऊन नाक दाबू लागले. दोघांनी ओकारीचे सोंग केले.

“कोणाच्या घरात झालं हे?” पोस्टमास्तरांनी विचारले.

माझ्या बापाने मला आधीच सांगून ठेवले होते की वाचनालयाची एक जरी तक्रार घरी आली तरी पुस्तक बंद, आणि चौथीची शाळाही बंद. बाप बोलल्याप्रमाणे करणारा होता. मी विचार केला असेही नाही. मी पायरीकडे बोट केले.

ती उभी राहिली. “खोटं. माज्याकडं हुतं तवा वास नव्हता. ही आजपत्तुर घरीच ठिऊन हुती.”

“मग तुझ्याकडून आलं तेव्हाच वास होता,” मी म्हणाले.

“आमच्याकडं सुकट कुटनं येईल गं? बाजारातनं इकत घ्यायला आमी काय सावकार हाव? आमी ओढ्यातली मासळी खातो, ती बी घावली तर.”

“ओढ्यातली मासळी!” मोठे मुलगे हसून लोळले. “म्हणजे ताजा वास आहे हो पोस्टमास्तर!”

पोस्टमास्तर हसले नाहीत. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. खरे काय ते त्यांना कळले होते. ज्या माणसाने वासावरून घरे ओळखली, त्याला बाजारचे बोंबील आणि ओढ्याची मासळी यांतला फरक कळत नाही असे होत नाही. पण वाचनालयाची मागली पडवी शाकारायला दरवर्षी पेंढा लागायचा, आणि तो माझा बाप गाडी भरून पाठवायचा. ठाकरवाडीवरून काहीच येत नसे.

त्यांनी वही उघडली, लेखणी बुडवली आणि तिचे नाव खोडले. एक रेघ, मग तिच्यावर दुसरी.

“जा,” म्हणाले. “पायरी पुसून जा.”

तिने पायरी पुसली. लुगड्याच्या तुकड्याने, नीट, कडेपर्यंत. मग गेली.

त्या दिवशी गोष्ट सांगायची राहूनच गेली. पोस्टमास्तरांनी पुस्तक उन्हात ठेवायला म्हणून वेगळे काढले, पेटी बंद केली आणि मला पुढच्या रविवारी ये म्हणाले. मोठ्या मुलग्यांनी तोवर कागद पुढे ओढून त्या महिन्याच्या हस्तलिखितासाठी चित्र काढायला घेतले होते. चष्मा लावलेला बोंबील मांडी घालून पुस्तक वाचतो आहे, मागे झोपडी, झोपडीच्या दारात झिपरी पोर. सगळी पोरे भोवती जमली. मीही वाकून पाहिले आणि हसले. बाकीच्यांपेक्षा जरा मोठ्यानेच हसले, कारण न हसणाऱ्याकडे लोक बघतात.

मी परत निघाले तेव्हा ती नदीच्या अलीकडे वाटेत उभी होती. मला वाटले मारणार. तिच्या हाताला लाकूड तोडायची सवय होती, तिने मारले असते तर मी आडवी झाले असते. तिने मारले नाही. म्हणाली, “तुज्या तोंडात किडे पडतील गं, सुकटे.”

“पडू दे,” मी म्हणाले, आणि बाजूने निघाले.

ती मागून आली. मग म्हणाली, “त्या पोरीचं काय झालं?”

“कुठल्या पोरीचं?”

“उतारावर हुबी हाय ती. नावंची वाट बघतीय. पुढं काय झालं?”

पुढे बरेच होते. नावाडी तिला फुकट पार करतो. ती घरी पोचते, आई ओळखत नाही, हाकलून देते, मग कपाळावरची खूण पाहून मिठी मारते. शेवटची चार पाने वाचताना मी चुलीपुढे रडले होते. ते सांगायला मला वेळ लागला असता. सांगायला उभी राहिले असते तर ती समोर बसली असती, गुडघे पोटाशी घेऊन, आणि तिने माझ्याकडे नेहमीसारखे पाहिले असते. ते मला नको होते. मागून मोठ्या मुलग्यांचे आवाजही येत होते, आणि मला तिच्याबरोबर कोणी पाहायला नको होते.

“बुडाली,” मी म्हणाले. “नाव उलटली. बुडून मेली. संपलं पुस्तक.”

ती थांबली. मी चालत राहिले, तरी तिचे बोलणे मला ऐकू आले.

“मंग येवडी चालली कशाला?”

मी मागे वळून पाहिले नाही. सोमवारपासून ती शाळेत आली नाही. पट पुन्हा कमी झाला म्हणून गुरुजी दोन दिवस चिडलेले होते, मग विसरले. तिला पुढे कोणी खरी गोष्ट सांगितली असेल असे मला वाटत नाही. तिच्या वाडीवर सांगणार कोण?

पुढच्या रविवारी पोस्टमास्तरांनी मला नवे पुस्तक दिले, माझ्या एकटीच्या नावावर. आता पुस्तक दोन आठवडे माझेच होते. बालविभागातल्या मुलींमध्ये अख्खे पुस्तक मिळणारी मी एकटीच, म्हणून घरी जाताना मी ते झाकून न घेता हातात मिरवत नेले.