नेटीच्या झुडपाच्या फांद्या

आमच्या गावात फेब्रुवारीत बर्फ गुडघाभर असतो. तेव्हा चर्चच्या टेबलावर पिवळी फुलं असायची ती अर्डिस प्रुइटची. शाळेतून निवृत्त झालेली, एकटी राहणारी बाई. अंगणातल्या फोर्सिथियाच्या, म्हणजे वसंतात पिवळ्या फुलांनी भरणाऱ्या झुडपाच्या, निष्पर्ण फांद्या कापायची, देठ चिरून टबात कोमट पाण्यात बुडवायची, मग तळघरात बादलीत ठेवून पाणी बदलत राहायची. दोन-तीन आठवड्यांत पानांआधीच फुलं फुटायची. अर्डिसच्या हाताला गुण आहे, असं सगळे म्हणायचे.

एका हिवाळ्यात बर्फ सारणाऱ्या गाडीने तिचं झुडूप मोडलं. शेजारच्या नेटी होल्मक्विस्टचं झुडूप मात्र भरगच्च होतं. नेटी खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली. आजारी माणसाला कशाला त्रास, असं मनाशी म्हणत अर्डिस कात्री घेऊन गेली आणि दोन कवळे फांद्या घेऊन आली.

चर्चमध्ये कौतुक झालं. एप्रिलमध्ये नेटीच्या खिडकीसमोरचं झुडूप पिवळं झालंच नाही. त्याच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरतात, फांदी कापली की त्या वर्षीची फुलं गेली, हे अर्डिसला पक्कं ठाऊक होतं. ती सूप घेऊन गेली तेव्हा नेटी म्हणाली, यंदा हरणांनी फडशा पाडला. अर्डिसने मान डोलावली. नेटीच्या मुलाने हरणं येऊ नयेत म्हणून झुडपाला साबणाच्या वड्या टांगल्या, तेव्हाही अर्डिसने खरं सांगितलं नाही. पण त्या वड्या वाऱ्यावर हलताना दिसल्या की ती आपल्या खिडकीचा पडदा ओढून घ्यायची.

मे संपता संपता ती नेटीच्या खुर्चीपुढे जाऊन उभी राहिली.

"नेटी, हरणं नव्हती. फांद्या मी नेल्या."

"ठाऊक आहे. वॉकर घेऊन अंगणात गेले त्याच दिवशी कळलं. हरीण ओरबाडतं, तिरकं कापत नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तू कधी बोलतेस ते बघत होते. मागितल्या असत्यास तर हव्या तेवढ्या दिल्या असत्या. पण मी इथे भिंतीकडे बघत पडलेली, आणि एक फांदी ग्लासात घालून आणावी, हे तुला सुचलं नाही."

खरंच सुचलं नव्हतं. अर्डिसला तेच सगळ्यांत जास्त लागलं.

पुढच्या फेब्रुवारीत तिने विचारून पाच फांद्या कापल्या आणि फुलल्यावर नेटीच्या खिडकीत ठेवल्या. चर्चचं टेबल रिकामं राहिलं. लोकांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "गेल्या वर्षीच्या फांद्या चोरीच्या होत्या."

सगळे हसले. तिने पुन्हा सांगितलं, कुणाच्या ते नाव घेऊन. मग कुणी हसलं नाही.