आजोबांना एक घास

झाडमास्तर हा काही सरकारी हुद्दा नव्हता. वनखात्याच्या कागदावर ते साधे वनरक्षक होते. पण एकदा एका शाळेची सहल जंगलात कंटाळून बसलेली दिसली, यांनी चार झाडांची ओळख करून दिली, आणि पुढच्या वर्षी तीच पोरं येऊन विचारायला लागली, "ते झाडमास्तर कुठेत?" नाव चिकटलं ते चिकटलंच. खात्यालाही मग अक्कल आली. शाळांना जंगल दाखवायचं जे काम म्हटलं की बाकीचे नाकं मुरडायचे, ते मास्तरांकडे आलं, आणि सुटीच्या दिवशी घरी बसलं की त्यांना करमेनासं झालं.

त्यांची फेरी ठरलेली असायची. जंगलाच्या तोंडाशीच एक प्रचंड झाड वाऱ्यानं उन्मळून पडलं होतं. त्याचं लाकूड हाताला लागताच भुगा व्हायचं आणि बुडाशी काळीभोर, भुसभुशीत माती साठलेली. मास्तर पोरांना तिथं बसवायचे. "हे म्हातारपणानं गेलं. चांगलं भरल्या घरातून गेलं. आता त्याची माती होतेय, आणि ती कुणाच्या तरी पोटात जायला पाहिजे." मग प्रत्येकानं त्या मातीची एक मूठ घ्यायची, मूठ उघडायची नाही, बोलायचं नाही, आणि चढण चढून थेट टेकाडावरच्या आजोबांपाशी जायचं. आजोबा म्हणजे त्या जंगलातलं सगळ्यात जुनं झाड. त्यांच्या बुंध्याशी मूठ उघडायची आणि म्हणायचं, "आजोबा, एक घास."

वर्गात क्षणभर गप्प न बसणारी कार्टी ती चढण मुकाट चढायची. एखाद्या बाई हळूच डोळे पुसायच्या. खात्याला हा प्रकार इतका आवडला की दुसऱ्या जंगलांतले रक्षक मास्तरांकडे शिकायला येऊ लागले आणि परत जाऊन आपापल्या जुन्या झाडाला असाच घास भरवू लागले. मास्तर वरवर म्हणायचे, "त्यात काय मोठंसं," पण आतून फुलून जायचे. पहिली मूठ त्यांच्या लेकीनं वाहिली होती, दोन वेण्या घालायची तेव्हा. आता ती लांबच्या एका गावात शिक्षिका होती. गेल्या वेळी माहेरी आली तेव्हा जाताना तीच माती पिशवीभर घेऊन गेली, शाळेच्या अंगणातल्या झाडासाठी.

मग आजोबांचा शेंडा विरळ दिसायला लागला. पाऊस कमी झाला म्हणून असेल, असं मास्तरांनी मनाशी ठरवून टाकलं. पण पानं आखडली, बुंध्यातून काळपट पाणी झिरपायला लागलं, तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. साहेबांच्या मागे लागून लागून त्यांनी प्रयोगशाळेतल्या बाईंना बोलावून घेतलं.

बाई आल्या त्या फाटकापाशीच थांबल्या आणि ब्रश काढून बुटांचे तळ औषधाच्या पाण्यानं खसाखसा घासायला लागल्या.

"बाई, जंगलात जाताना बूट धुणारं माणूस आज पहिल्यांदा बघतोय," मास्तर हसून म्हणाले.

बाईही हसल्या. त्यांनी मुळं खणली, खालवरची माती बाटल्यांत भरून नेली, आणि काही दिवसांनी परत आल्या तेव्हा पोरांसाठी केलेल्या बाकावर मास्तरांना शेजारी बसवून घेतलं.

"मुळं कुजवणारा रोग आहे. मातीतून पसरतो. खाली ते पडलेलं झाड आहे ना, ते यानंच गेलंय."

"छे हो. ते म्हातारपणानं गेलं."

"नाही, मास्तर. मला एकच कोडं सुटत नाहीये. मधली झाडं ठणठणीत आहेत. मग रोग खालून एकदम इथं वर कसा आला? बुंध्याभोवती बाहेरची माती सापडलीय, चांगला जाड थर झालाय तिचा. कोण आणून टाकतं ती?"

मास्तरांचा चेहरा उजळला. एवढ्या शिकलेल्या बाईंनी आपण होऊन विचारलं होतं. "अहो, आमची पोरं! प्रत्येकानं खालून अशी एक मूठ घ्यायची," त्यांनी मूठ वळून दाखवली, "आणि इथं येऊन..."

वळलेली मूठ तशीच राहिली. बाईंनी मान खाली घातली.

"औषध?" मास्तरांनी विचारलं.

"नाही. आणखी पसरू नये एवढंच आपल्या हातात आहे. तुम्हाला कुठं माहीत होतं, मास्तर?"

"माहीत असलेला माणूस म्हणूनच पोरं माझ्या हवाली करत होते ना, बाई."

साहेबांनी वाट बंद करायचा आणि आजोबांना तोडून मुळांसकट जाळायचा हुकूम काढला. बाकीच्या जंगलांचं विचारलं तर म्हणाले, "कळवू हळूहळू. उगाच बोंबाबोंब नको." झाड पडलं तेव्हा मास्तर तिथं उभे होते. त्यांना रडू आलं नाही, आणि त्याचीच त्यांना लाज वाटली.

साहेबांच्या हळूहळूवर मास्तरांचा भरवसा नव्हता. आपल्याकडे शिकून गेलेल्या प्रत्येक रक्षकाला त्यांनी स्वतः फोन लावला. कुणी म्हणालं, आमचं झाड ठीक आहे. कुणी उडवून लावलं. एकजण नुसताच गप्प राहिला, आणि मास्तरांना काय ते कळलं. लेकीला फोन करणं तेवढं ते टाळत राहिले. रविवारी दुपारची जेवणं झाली, बायकोनं ताटं उचलली आणि फोन आणून त्यांच्यासमोर ठेवला. "अहो, परक्यांना सांगितलंत. तिला कधी सांगणार?"

लेकीनं फोन उचलला. शाळेच्या आवारातच राहायची ती.

"बाबा! आज बरी आठवण झाली."

"तुमच्या अंगणातलं झाड कसं आहे गं?" मास्तरांनी विचारलं. "शेंडा बघ जरा."

खिडकी उघडल्याचा आवाज आला.

"तुम्हाला कसं कळलं, बाबा? वरून सुकल्यासारखं दिसतंय खरं. पोरं तर जीव टाकतात त्याच्यावर." तिचा आवाज काळजीचा होता. "तुमची ती माती अजून आहे पिशवीत. उद्या सगळ्यांना सांगते, आणखी एकेक घास घाला म्हणून. घालू ना?"